घरातली ओल आणि काचेवरचं पाणी: एक्झॉस्ट, एचआरव्ही की डीह्युमिडिफायर? काय बसवावं?

पिंपळपान

मंडळी, घरातल्या ओलीने अगदी हैराण झालोय, जाणकारांनी जरा मार्ग दाखवा. साधारण ८०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे, दोन बेडरूम, हॉल, किचन, एकच बाथरूम, आणि आम्ही मधल्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर गच्ची नाही की खाली जमीन नाही. जुन्या लाकडी खिडक्या खिळखिळ्या झाल्या होत्या म्हणून काढून घट्ट बसणाऱ्या डबल काचेच्या बसवल्या. वारा थांबला, आवाज थांबला, पण तेव्हापासून थंडीत रोज सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाणी साचलेलं असतं आणि ते पुसलं नाही तर ओघळून खिडकीच्या कठड्यावर येतं.

पाण्याचं एक वेळ ठीक, पुसता येतं. परवा मोठ्या बेडरूममधलं कपाट ओढलं तर मागच्या भिंतीवर जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळे ठिपके, कोपऱ्यात ते एकमेकांत मिसळून अख्खा पट्टा काळा झालेला, आणि कपाटाच्या तळात ठेवलेल्या चामड्याच्या बॅगेवर पांढरी लव. वास तर येतोच, कुबट. सासूबाईंना दमा आहे त्यामुळे हे असंच सोडून देता येत नाही.

आता विचारायला गेलं तर जो तो वेगळं सांगतो. रंगवाला म्हणतो वॉटरप्रूफ रंग मारा, दुकानदार म्हणतो डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून टाकीत जमवणारं यंत्र घ्या, आणि एका नातेवाईकांनी एचआरव्ही की काय ते छतातून पाइप फिरवून बसवलंय ते म्हणतात तेच खरं. पैसे एकदाच घालायचेत, नक्की कशात घालावेत?

काटकोन

पिंपळपान ताई, कशात घालायचे ते नंतर बघू, आधी हे पाणी येतंय कुठून ते पक्कं करा, कारण ओल तीन-चार प्रकारची असते आणि पंखा त्यातल्या एकाच प्रकारावर चालतो. पाइप गळत असेल, बाहेरच्या गिलाव्याला भेग असेल, वरच्यांच्या बाथरूममधून पाझरत असेल तर कितीही भारी यंत्र बसवा, भिंत ओलीच राहणार.

ओळखायचं कसं? भिंतीला लोणा लागलाय का बघा, म्हणजे पांढरी खारट पूड बाहेर येते आणि रंगाचे पोपडे सुटतात. तसं असेल तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. पाऊस झाला की डाग वाढतो आणि कोरड्या दिवसांत फिका पडतो, असं असेल तर बाहेरून. आणि काळे ठिपके कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या आजूबाजूला, गाद्यांच्या मागे, आणि तेही बाहेरच्या भिंतीवरच, असं असेल तर ती बहुतेक वेळा हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. तुमचं वर्णन या तिसऱ्यात बसतं पण खात्री करा.

एक सोपी चाचणी आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा वहीच्या पानाएवढा तुकडा डागाशेजारी भिंतीवर चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. काढताना बघा, खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला असेल तर भिंतीतलं. अगदी अचूक नाही पण दिशा कळते.

आणि एक डिजिटल हायग्रोमीटर घ्या, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा. शक्य असेल तर भिंतीचं तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटरही कुणाकडून आणा. सकाळी उठल्या उठल्या, खिडकी उघडायच्या आधी, बेडरूममधले आणि हॉलमधले आकडे इथे टाका. बाहेरचेही.

रानवारा

एवढं सगळं कशाला, डीह्युमिडिफायर घ्या, आमच्याकडे आहे, रोज टाकी भरून पाणी ओततो, खोली कोरडी ठणठणीत.

जुनी खिडकी

रानवारा, तुमच्याकडे चालतंय ते छानच. पण टाकी रोज भरतेय याचा अर्थ वाफ रोज तयार होतेय आणि ती बाहेर जायला वाट नाही असाही होतो ना. डीह्युमिडिफायर पाणी काढतो, हवा बदलत नाही. रात्रभर दार-खिडक्या बंद करून दोघं-तिघं झोपले की खोलीतला कार्बन डायऑक्साइड सहज २००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २००० भाग) वर जातो, बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० असतो. सकाळी डोकं जड वाटतं ते त्यामुळेही असू शकतं. घरात दम्याचं माणूस असताना ताजी हवा हवीच, नुसती कोरडी हवा पुरत नाही.

पिंपळपान

काटकोन दादा, सांगितलं तसं केलं. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला बारीक थेंब, भिंतीकडची बाजू कोरडी. लोणा कुठेच नाही. सकाळचे आकडे असे:

बेडरूम १९ अंश, आर्द्रता ७४ टक्के.
हॉल २१ अंश, ५८ टक्के.
बाहेर ८ अंश, ८५ टक्के.
कपाटामागच्या कोपऱ्यात भिंत १५ अंश, काचेची खालची कड १२.

आता मला हे कळेना, बाहेर ८५ टक्के आहे आणि आत ७४. म्हणजे बाहेरची हवा जास्त ओली ना? मग ती आत घेऊन घर कोरडं कसं होणार?

काटकोन

उत्तम, एवढे आकडे मिळाले म्हणजे अंदाजाने बोलायची गरज नाही. आणि तुमचा प्रश्न या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण टक्क्यांवरून निर्णय घेतला की हमखास फसायला होतं.

टक्के म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावू शकते त्याच्या किती टक्के आत्ता आहे. आणि मावायचं माप तापमानागणिक बदलतं. एका घनमीटर हवेत ० अंशाला जेमतेम ४.८ ग्रॅम मावते, १० अंशाला ९.४, २० अंशाला १७.३ आणि ३० अंशाला ३०.४ ग्रॅम. म्हणून नेहमी ग्रॅममध्ये बघायचं. तुमच्या बेडरूमच्या हवेत साधारण १२ ग्रॅम वाफ आहे, हॉलमध्ये साडेदहा, आणि बाहेरच्या त्या ८५ टक्केवाल्या हवेत फक्त ७. तीच बाहेरची हवा आत घेतली आणि ती १९ अंशांपर्यंत गरम झाली की तिची आर्द्रता चाळीस-बेचाळीस टक्क्यांवर येते. म्हणजे थंडीत बाहेर धुकं असलं तरी ती हवा तुमच्या घराच्या मानाने कोरडीच आहे आणि घर वाळवायला फुकट मिळतेय.

आता भिंतीचं बघा. १९ अंश आणि ७४ टक्के असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेतलं पाणी सुटायला लागतं ते, येतो साधारण १४.३. काच १२ अंशांवर, म्हणजे तिच्यावर पाणी सुटणारच. कोपरा १५ अंशांवर, दवबिंदूच्या किंचित वर, म्हणून तिथे डोळ्यांना पाणी दिसत नाही, पण त्या भिंतीला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास असते. बुरशीला वाहतं पाणी लागतच नाही, पृष्ठभागाजवळ ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिलं की तेवढ्यावर तिचं भागतं. म्हणून कितीतरी घरांत काच पुसून कोरडी ठेवतात आणि कपाटामागे बुरशी वाढतच राहते.

आणि कपाटामागेच का? खोलीतली ऊब तिथे पोचत नाही, हवा फिरत नाही, भिंत थंड राहते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान ५ ते १० सेंटीमीटर पुढे ओढा, जमलं तर आतल्या भिंतीला लावा. याला काहीच खर्च नाही.

नव्या खिडक्यांनी ओल आणलेली नाही हेही सांगतो. वाफ आधीही तेवढीच होती, जुन्या फटींमधून निघून जात होती. ती वाट बंद झाली आणि तिच्या बदल्यात दुसरी वाट कुणी दिली नाही. खिडक्या बदलणाऱ्यांनी हे तेव्हाच सांगायला हवं.

गवंडीकाम

काटकोन यांना पूर्ण अनुमोदन. आमच्या कामात हे सतत दिसतं, लोक खिडक्या बदलतात आणि पुढच्याच थंडीत बुरशीची तक्रार घेऊन येतात. आणि मग त्यावर वॉटरप्रूफ रंग मारला जातो. भिंत आतून कोरडी आणि वाफ हवेतून बसतेय तिथे तो रंग काय करणार, बुरशी रंगावर येते एवढाच फरक.

पिंपळपान

आता चित्र स्पष्ट झालं. मग एचआरव्ही बसवू का? नातेवाईकांच्या घरात खरंच कुठेही वास नाही, ओल नाही.

काटकोन

सगळे पर्याय माझ्या मताने सांगतो, माझं मत आहे हे लक्षात ठेवून वाचा.

एचआरव्ही म्हणजे बाहेर जाणाऱ्या उबदार हवेतली उष्णता आत येणाऱ्या थंड हवेला देणारं यंत्र, हवा एकमेकांत मिसळत नाही, मधल्या पातळ पत्र्यांच्या पलीकडून नुसती उष्णता जाते. चांगल्या यंत्रात ७० ते ९० टक्के उष्णता परत मिळते. बाथरूम-किचनमधून ओली हवा ओढायची, बेडरूम-हॉलमध्ये ताजी सोडायची. यंत्र म्हणून उत्तमच आहे. पण ते शोभतं नव्या, नीट सील केलेल्या घरात आणि जिथे थंडी लांब, हीटिंगचं बिल मोठं असतं तिथे. राहत्या फ्लॅटमध्ये करायचं म्हणजे प्रत्येक खोलीत डक्ट, म्हणजे हवेचा पाइप, त्यासाठी छत खाली आणायचं, यंत्राला जागा, त्याच्या थंड भागात जमणाऱ्या पाण्याला ड्रेन, फिल्टर नियमित बदलायचे, कडाक्याच्या थंडीत गाभा गोठू नये म्हणून डीफ्रॉस्ट. घराचं सगळं काम काढणार असाल तर जरूर करा. नुसत्या ओलीसाठी अख्खं छत फोडणं मला पटत नाही.

एका खोलीपुरते छोटे एचआरव्ही मिळतात, भिंतीला आरपार भोक पाडून बसवायचे. आत सिरॅमिकचा गाभा असतो, साधारण मिनिटभर हवा बाहेर जाते तेव्हा तो तापतो, मग पंखा उलटा फिरतो आणि येणारी हवा त्यावरून तापून आत येते. हे जोडीने बसवले तर बरे चालतात, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. वाऱ्याच्या तोंडावरची भिंत असेल तर त्यांचा हिशोब बिघडतो, आणि बेडरूममध्ये तो दिशा बदलतानाचा आवाज काहींना झोपू देत नाही.

पीआयव्ही म्हणून एक प्रकार असतो, पोटमाळ्यावरून गाळलेली हवा हळूहळू घरात ढकलायची आणि ओली हवा फटींमधून आपोआप बाहेर जाऊ द्यायची. स्वतंत्र घर आणि वर पोटमाळा असेल तर विचार करा. तुमच्या फ्लॅटला पोटमाळाच नाही, आणि घर घट्ट बंद असेल तर हवा बाहेर जाणार कुठून, ती नको तिथे भिंतीच्या भेगांत वाफ घेऊन शिरायची.

राहिला माझ्या आवडीचा, सतत मंद चालणारा एक्झॉस्ट. बाथरूममध्ये आणि किचनमध्ये. चोवीस तास अगदी हळू, अंघोळ सुरू झाली की जोरात. वाफ जिथे तयार होते तिथूनच उचलली की ती बेडरूमपर्यंत जातच नाही. असा छोटा पंखा ५ वॅटच्या आसपास घेतो, वर्षभर अखंड चालला तरी ४४ युनिट.

जुनी खिडकी

पण बेडरूममध्ये रात्री जी ओल होते तिचं काय? तिथे तर अंघोळ नाही की स्वयंपाक नाही, तरी सगळ्यात जास्त आकडा तिथलाच आहे.

काटकोन

बरोबर पकडलंत. झोपलेलं मोठं माणूस श्वासातून आणि घामातून ताशी ४० ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतं. दोघं असले तर ८०. आठ तासांत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी, बंद खोलीत. आता हिशोब करू. १९ अंशांला आर्द्रता ६० टक्क्यांवर आणायची तर हवेत पावणेदहा ग्रॅम चालेल. बाहेरची हवा ७ ची. म्हणजे बदललेली प्रत्येक घनमीटर हवा पावणेतीन ग्रॅम पाणी घेऊन जाते. ८० ला पावणेतीनने भागा, ताशी साधारण ३० घनमीटर हवा त्या खोलीतून जायला हवी. एवढंच. हा काही वारा नाही, अंगाला जाणवतही नाही.

ती कशी जाणार? बेडरूमच्या खिडकीच्या चौकटीत वरच्या बाजूला बारीक झडपा बसवून मिळतात, ट्रिकल व्हेंट म्हणतात, तुमच्या खिडक्यांच्या कंपनीकडे विचारा, मागाहूनही बसतात. हवा तिथून आत येणार, बेडरूमच्या दाराखालून पॅसेजमध्ये जाणार, आणि बाथरूमच्या दाराखालून पंख्यात. म्हणून दाराखाली साधारण १० मिलिमीटर फट लागतेच. हे बहुतेक जण विसरतात. दार जमिनीला घासून बंद होत असेल आणि खिडक्या घट्ट असतील तर पंखा नुसता घरघरतो, स्ट्रॉचं दुसरं टोक बोटाने दाबून ओढल्यासारखं, हवा येतच नाही.

अख्ख्या घराला किती लागते याचं एक माप सांगतो, अ‍ॅश्रेच्या ६२.२ या मानकातलं (हीटिंग-कूलिंगवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेचं). क्षेत्रफळाच्या दर चौरस फुटाला ०.०३ सीएफएम (मिनिटाला घनफूट), अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून त्याला साडेसात. तुमचं ८०० चौरस फूट, दोन बेडरूम, म्हणजे २४ अधिक साडेबावीस, साडेसेहेचाळीस सीएफएम, ताशी ७९ घनमीटर. त्याच मानकात बाथरूमचा पंखा सतत चालणारा असेल तर निदान २० सीएफएम आणि गरजेपुरता चालवणार असाल तर ५० म्हटलंय, किचनच्या हुडला १००.

समुद्रपक्षी

एक मिनिट थांबा, हा धागा वाचून दमट उकाड्याच्या भागातल्या लोकांनी हेच करायला घेतलं तर घोटाळा होईल. आम्ही समुद्राकाठी राहतो, आमच्याकडे थंडी नावाला. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के, काटकोन यांच्याच मापाने २४ ग्रॅमच्या वर वाफ. आत एसी लावून २४ अंश केलं तर त्या खोलीत पूर्ण भरली तरी २१.८ ग्रॅमच मावते. म्हणजे बाहेरची हवा आत घेतली की पाणीच आत घेतलं. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास, मग फरशी, एसीच्या झोतासमोरची भिंत, कपाटाची मागची बाजू, सगळ्याला पाणी सुटतं. आमच्याकडे लोक "हवा खेळती राहू दे" म्हणून पावसाळी दिवसांत खिडक्या सताड उघडतात आणि मग पुस्तकांवर बुरशी येते.

आमच्यासारख्यांना बाथरूम-किचनचा एक्झॉस्ट हवाच, कारण आतली वाफ जागेवरच बाहेर काढणं कुठेही योग्यच. पण तो चोवीस तास चालवला तर दाराखालून बाहेरची ओली हवा ओढत बसतो. अंघोळ, स्वयंपाक झाल्यावर पंधरावीस मिनिटं चालवून बंद. बाकी वाळवायचं काम एसी नाहीतर डीह्युमिडिफायरचं.

काटकोन

शंभर टक्के सहमत, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं असं कुणी म्हणायच्या आत समुद्रपक्षी यांनी लिहिलं ते बरं केलं. दोन्ही बाजूंचे ग्रॅम काढायचे, बाहेर कमी असतील तर हवा बदला, बाहेर जास्त असतील तर यंत्राने वाळवा. एसीबाबत एक जोडतो, खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेऊ नये. तो पटकन खोली थंड करून बंद पडतो, ओल काढायला वेळच मिळत नाही. आणि पंखा ऑटोवर ठेवा, कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखा चालू राहिला की कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं.

रानवारा

मग आमच्या भागात ईआरव्ही चालेल का? विकणारे म्हणतात तो ओलही परत पाठवतो.

समुद्रपक्षी

चालेल, पण काय मिळतंय ते समजून घ्या. ईआरव्हीच्या गाभ्यातून उष्णतेबरोबर वाफही आरपार जाते, त्यामुळे येणाऱ्या ओल्या हवेतली काही ओल जाणाऱ्या कोरड्या हवेत निघून जाते. ओल कमी आत येते, पण येतेच. ईआरव्ही घर वाळवत नाही. एसी किंवा डीह्युमिडिफायर सोबत हवाच. आणि थंडीतल्या पिंपळपान ताईंच्या घरात उलटं होईल, त्यांना ओल बाहेर घालवायचीय आणि ईआरव्ही त्यातली थोडी परत आणेल. त्यांच्यासाठी घेतलाच तर साधा एचआरव्ही.

गवंडीकाम

पंखा कुठला हे सगळे विचारतात, डक्टबद्दल कोणी विचारत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मे पंखे डक्टमुळेच फुकट जातात. जरा सविस्तर लिहितो.

साधा पात्यांचा पंखा, ज्याला ॲक्सियल म्हणतात, तो भिंतीतून थेट बाहेर हवा टाकायला ठीक. पण फॉल्स सीलिंगमधून तीन-चार मीटर डक्ट आणि त्यात दोन वळणं असली की त्याचा जोर संपतो, खोक्यावर जे सीएफएम लिहिलेत त्याचा काही अंशच बाहेर पडतो. लांब डक्टला सेंट्रिफ्युगल पंखा (चाक फिरवून हवा कडेने जोरात फेकणारा) नाहीतर डक्टमध्येच बसणारा इनलाइन पंखा घ्या.

फ्लेक्सिबल डक्ट लोक मोकळी सोडतात, ती मध्ये लोंबते, लोंबलेल्या भागात वाफेचं पाणी साचतं आणि हवेची वाटच बंद होते. मी उघडलेल्या एका छतात डक्टच्या पोटात पाणी भरून ती छताच्या पत्र्यावर टेकली होती, आणि घरमालक पंखा खराब म्हणून दोनदा बदलून बसले होते. कडक पाइप वापरा, नाहीतर फ्लेक्सिबल ताणून लांबी बेताची कापा. बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या म्हणजे पाणी पंख्यात न येता बाहेर जाईल. थंड जागेतून जात असेल तर भोवती इन्सुलेशन गुंडाळा. आणि दुसरं टोक खरंच बाहेर निघतंय का बघा, फॉल्स सीलिंगच्या आतच सोडून दिलेले एक्झॉस्ट मी कितीतरी पाहिलेत, बाथरूमची वाफ तिथून सगळ्या घराच्या छतात.

बाहेरच्या तोंडाला बारीक डास-जाळी लावू नका, धुळीने चोंदते. उघडझाप होणारी झडप लावा म्हणजे पंखा बंद असताना थंड हवा उलटी येणार नाही. सतत चालणाऱ्या पंख्याला झडप नसली तरी चालते.

पिंपळपान

फारच उपयोगी. किचनमध्ये चिमणी आहे, तिला बाहेर पाइप नाही, आतच हवा गाळून सोडते. ती चालेल का?

गवंडीकाम

ओलीसाठी नाही. ती तेल आणि वास थोडाफार धरते, वाफ जशीच्या तशी घरात परत सोडते. पाइप बाहेर काढा. आणि गॅस जळतानाही पाणी तयार होतं हे लक्षात घ्या, एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. भांड्यातून निघते ती वेगळीच.

जुनी खिडकी

गॅसवरून आठवलं आणि हे सगळ्यांनी वाचावं म्हणून वेगळं लिहितेय. घरात गॅसचा गीझर किंवा उघड्या धुराड्याचा हीटर असेल आणि तुम्ही जोरदार एक्झॉस्ट बसवला, आत हवा यायला वाट ठेवली नाही, तर पंखा त्या धुराड्यातूनच हवा उलटी ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातं. पंखा लावायच्या आधी गॅसचं काम जाणणाऱ्याकडून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर तर असूच नये.

पिंपळपान

आमच्याकडे गीझर विजेचा आहे, पण अलार्म घेतेच, शेगडी आहे ना.

एक विचारायचं राहिलं. आर्द्रता वाढली की आपोआप सुरू होणारा पंखा घ्यावा का? आणि थंडीत कपडे घरातच वाळत घालावे लागतात, त्याचं काय करू?

काटकोन

ह्युमिडिस्टॅटचे पंखे दोन प्रकारचे असतात. ठरलेल्या टक्क्याला चालू होणारे पावसाळी हवेत थांबतच नाहीत, मग घरातलं कुणीतरी वैतागून स्विच बंद करून ठेवतं आणि थंडीतही तो बंदच राहतो. त्यापेक्षा आर्द्रता एकदम वाढली तर ओळखून जोर धरणारे बरे. तेही नको असेल तर सतत मंद चालणारा घ्या, बाथरूमच्या दिव्याबरोबर जोरात जाणारा, दिवा बंद केल्यावर १५ मिनिटं तसाच चालणारा. आवाज मात्र दुकानातच ऐकून घ्या, मंद वेगाला २५ डेसिबलच्या आसपास असेल तर घरात कोणी त्याला हात लावत नाही. आवाज करणारा पंखा कितीही चांगला असला तरी लोक तो बंद करतात.

कपड्यांच्या एका धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी घराच्या हवेत जाऊ शकतं. बेडरूममध्ये अजिबात वाळत घालू नका. बाथरूममध्ये घाला, दार बंद, पंखा जोरात. रानवारा म्हणाले तो डीह्युमिडिफायर इथे खरा कामाचा, कपडे आणि यंत्र एका छोट्या खोलीत दार लावून. घेताना एवढं बघा, खोक्यावरचे लिटर बहुतेक ३० अंश, ८० टक्के अशा हवेत मोजलेले असतात, २० अंशांना त्याच्या निम्मेही निघायचे नाहीत. आणि खोली १५ अंशांखाली जात असेल तर कॉम्प्रेसरवाल्यावर बर्फ धरायला लागतो, तिथे डेसिकंट प्रकारचा, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ वापरणारा चालतो, तो वीज जास्त खातो.

पिंपळपान

सगळं वाचून, घरात बोलून ठरवलं ते असं. बाथरूममध्ये सतत चालणारा सेंट्रिफ्युगल पंखा, गवंडीकाम दादांनी सांगितला तसा उतार देऊन कडक पाइप. चिमणीचा पाइप बाहेर. दोन्ही बेडरूमच्या खिडक्यांना झडपा, दारं खालून १० मिलिमीटर कापून घेणार. कपाट आतल्या भिंतीला जाणार. कपड्यांसाठी छोटा डीह्युमिडिफायर. एचआरव्ही आत्ता नाही, पुढे कधी छताचं काम काढलं तर बघू.

तोपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडते. दोन-तीन दिवसांतच बेडरूमचा सकाळचा आकडा ६६ वर आलाय.

आता त्या काळ्या भिंतीचं काय? रंगवाल्याला बोलवू का?

गवंडीकाम

आत्ता नको. आधी साफ करा. कोरड्या ब्रशने किंवा झाडूने खरवडू नका, बुरशीची पूड हवेत उडते आणि सासूबाईंना तीच बाधेल, त्या दिवशी त्यांना दुसरीकडे ठेवा. मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, दार बंद. कपडा ओला करून साबणाच्या पाण्याने पुसा, कपडा टाकून द्या. रंगाच्या गुळगुळीत भागावर बुरशीनाशक मारलं तर चालेल, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवून. ब्लीच वापरणार असाल तर त्यात ॲसिड किंवा अमोनियावालं दुसरं काही चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. गिलावा भुसभुशीत झाला असेल आणि काळेपणा आत गेला असेल तर तेवढा तुकडा फोडून नवा करावा लागेल.

मग पंखा बसवून काही आठवडे आकडे बघत राहा. बेडरूम सकाळी ६० टक्क्यांच्या खाली राहायला लागली आणि कोपऱ्यात नवे ठिपके आले नाहीत की मग रंगकाम करा, आणि तेव्हाही वॉटरप्रूफ नको, साधा श्वास घेणारा चालेल.

पिंपळपान

बरं. पंखा लागला की तो खरंच ओढतोय का हे कसं कळेल? बसवणारा माणूस तर कागद चिकटवून दाखवतो.

काटकोन

कागद चिकटला तर पंखा फिरतोय एवढंच कळतं, किती ओढतोय ते नाही. बसवणाऱ्याकडे हवा मोजायचं मीटर असतं, जाळीवर हुड ठेवून मोजतात, कामाच्या आधीच सांगून ठेवा की मंद वेगाला ताशी ३४ घनमीटर (मघाचे २० सीएफएम) आणि जोराला ८५ (मघाचे ५०) मोजून दाखवल्याशिवाय पैसे पूर्ण देणार नाही. बाथरूमचं दार लावून मोजायचं, उघडं ठेवून नाही. दार लावल्यावर आकडा खूप पडला तर दाराखालची फट कमी पडतेय, पंख्याला दोष देऊ नका. आणि थंडी सुरू होण्यापूर्वी दर वर्षी जाळी आणि पाती पुसा, धुळीचा थर बसला की तोच आकडा हळूहळू घसरत जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.